मुलाखत कुणाच्या खात्यावर?

काटोल तालुक्यातल्या एखाद्या माणसाला अटक झाली आणि न्यायालयाने त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत केली, की त्याचा मुक्काम बहुधा नागपूरच्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात पडतो. अंतर साठेक किलोमीटरचे. संत्र्याचे ट्रक ही वाट रोज तुडवतात, कॉलेजची पोरे पासवर ये-जा करतात, त्यामुळे काटोलकराला नागपूर काही लांब वाटत नाही. पण त्या माणसाला आठ वर्षांची मुलगी असेल, तर तिच्यापुरते हे अंतर वेगळ्या मापाने मोजावे लागते. ती एकटी जाऊ शकत नाही. सोबत आई नाहीतर आजी हवी. एसटीत सवलतीमुळे आईला अर्धे तिकीट, मुलीलाही अर्धे. तरी स्थानकापासून तुरुंगापर्यंतचा ऑटो आहे, दोघींचे खाणेपिणे आहे आणि मुख्य म्हणजे आईची बुडालेली रोजी आहे. संत्र्याच्या तोड्याचे दिवस असले, तर एका दिवसाची मजुरी सोडणे म्हणजे आठवड्याच्या किराण्याला कात्री. मुलाखती साधारणतः कामकाजाच्या दिवशी होतात, म्हणजे शाळाही बुडते, आणि बाईंना कारण काय सांगायचे हा पेच वेगळाच. एवढे सगळे जुळवून पदरात काय पडते, तर पलीकडे बसलेल्या बापाशी काही मिनिटांचे बोलणे.

आणि ही भेट नियमांच्या भाषेत त्या मुलीची नाहीच. ती बापाची आहे. मुलाखत ही बंद्याला दिलेली सुविधा. तिची नोंद त्याच्या नावावर होते, तो न्यायाधीन की शिक्षाबंदी यावर तिची संख्या ठरते, आणि त्याने आत शिस्त मोडली तर ती कापलीही जाऊ शकते. मुलीने काहीच मोडलेले नसते, तरी तिची पुढची भेट हुकते. माझे म्हणणे असे, की आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांचे बहुतेक हाल या एका गोष्टीतून निघतात: भेटीचा हिशेब चुकीच्या खात्यावर मांडला आहे. तो मुलाच्या खात्यावर मांडला, तर मुलाखतीची जागा, वेळ, वार, सोबत आणि खर्च या सगळ्यांची उत्तरे बदलतात.

आधी ही मुले किती ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. स्त्रिया २३,७७२. त्यांतल्या १,५३७ जणींसोबत त्यांची १,७६४ मुले तुरुंगातच राहत होती. मुलांविषयीचा आकडा एवढाच. बंद्यांचे वय, शिक्षण, धर्म, जात, राज्य यांचे रकाने या अहवालात आहेत. घरी राहिलेल्या मुलांचा रकाना नाही. तुरुंगातल्या माणसांत शंभरामागे शहाण्णव पुरुष आहेत, आणि बापासोबत मूल आत राहत नाही. म्हणजे ज्यांचे आईबाप तुरुंगात आहेत अशा मुलांपैकी जवळजवळ सगळी बाहेर आहेत, आणि बाहेर असल्यामुळेच ती मोजली जात नाहीत. आजीकडे, मामाकडे, कधी थोरल्या बहिणीच्या जिवावर ती वाढतात. सरकारच्या लेखी ती अनाथ नाहीत, निराधारही नाहीत. बाप हयात आहे आणि त्याचा पत्ताही सरकारला पक्का ठाऊक आहे.

आपल्या न्यायालयांनी याचा विचार केलाच नाही असे मात्र नाही. सन्मानाने जगण्याच्या हक्काविषयी बोलताना फ्रान्सिस कोराली मुलीन या खटल्याचा दाखला विधिज्ञ हटकून देतात. १९८१ सालच्या त्या निकालाच्या मुळाशी काय होते, हे फारसे सांगितले जात नाही. दिल्लीच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका आईला तिची पाचेक वर्षांची मुलगी महिन्यातून एकदाच भेटू शकत होती. न्यायाधीन बंद्यांना आठवड्याला दोन मुलाखती आणि हिला महिन्याला एक, हे न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने घटनाबाह्य ठरवले. पुढे २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या मुलांसाठी सविस्तर नियम घालून दिले. मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहील. तुरुंगात जन्मले तर दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव येणार नाही. सहा वर्षांनंतर ते आईच्या पसंतीच्या माणसाकडे किंवा शासनाच्या संस्थेत जाईल, आणि संस्थेत असेल तर आठवड्यातून किमान एकदा त्याला आईच्या भेटीला आणले जाईल. शेवटच्या कलमाकडे जरा थांबून पाहा. मुलाला आणण्याची जबाबदारी तिथे समाजकल्याण खात्याच्या संचालकावर टाकली आहे. खाते मुलाचे, म्हणून कर्तव्य शासनाचे. हीच मुलगी संस्थेऐवजी काटोलला आजीकडे राहत असेल, आणि आत आई नसून बाप असेल, तर तिला आणायला कोणी बांधील नाही.

मोठ्या कारागृहांतल्या मुलाखत कक्षात मधे काच किंवा जाळी आणि दोन्ही बाजूंना इंटरकॉमचा रिसीव्हर अशी रचना असते. रिसीव्हर एक, कानाला लावणारी माणसे तीन-चार. पहिली मिनिटे वकिलाची फी, जामीनदार आणि पुढची तारीख यांतच जातात, कारण ती निकडीची असतात. मग मुलाच्या कानाला रिसीव्हर लावला जातो आणि "बोल ना पप्पाशी" असा आग्रह होतो. पाच-सहा वर्षांचे मूल अशा वेळी बोलत नाही. ते बापाच्या ओठांकडे बघते, काचेवर हात ठेवते, आईच्या पदराशी चाळा करते. लहान मुलाची जवळीक बोलण्यातून कमी आणि अंगाखांद्यावर खेळण्यातून जास्त घडते. काच नेमके तेच अडवते. प्रौढ माणसांनी प्रौढांसाठी आखलेली ही व्यवस्था आहे आणि निरोप पोचवण्याच्या कामी ती चालतेही. मुलाला बाप मिळवून देण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

हे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाला कळलेले आहे, याचा पुरावा म्हणजे "गळाभेट". नागपूरच्या आणि कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात झालेल्या या उपक्रमात मुख्यतः शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना त्यांच्या सोळा वर्षांखालच्या मुलांना काच-जाळीविना, मोकळ्या जागेत भेटू दिले गेले. बापाने मुलाला उचलून घ्यायचे, मांडीवर बसवायचे, हाताने खाऊ भरवायचा. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे छापून आली आणि वाचणाऱ्यांचे डोळे पाणावले. उपक्रम चांगलाच आहे. तो ज्यांनी सुरू केला त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्याची चौकट पाहा. तो प्रसंगाने होतो, सोहळ्यासारखा. तो मुख्यतः शिक्षाबंद्यांसाठी आहे, म्हणजे तुरुंगातली तीन चतुर्थांश माणसे, ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, त्यांची मुले बाहेरच. आणि एखाद्या सणासारखी वर्षातून एकदा येणारी गोष्ट मुलाच्या वाढीला पुरत नाही. मूल तीनचे चार वर्षांचे होते तेवढ्यात त्याची भाषा, भीती, खेळ सगळे बदलून जाते. पुढच्या खेपेला बापापुढे उभे राहते ते वेगळेच मूल.

इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी राज्याने पुण्याच्या येरवड्यात "जेल पर्यटन" सुरू केले. शाळकरी विद्यार्थ्यांना पाच रुपये, महाविद्यालयीन मुलांना दहा, इतरांना पन्नास. त्या वेळी गृहमंत्री होते काटोलचेच आमदार अनिल देशमुख. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांना अटक झाली आणि जामिनावर सुटेपर्यंत वर्षाहून अधिक काळ त्यांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात काढला. राजकारणाचा तो भाग इथे बाजूला ठेवू. ध्यानात घेण्याजोगे एवढेच, की इतिहास बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहलीला तुरुंगाचे दार उघडता येते: वेळ ठरवता येते, वाटाड्या नेमता येतो, सुरक्षेची घडी बसवता येते. मग आत ज्याचा बाप आहे त्याच्यासाठीच हे सारे इतके अवघड का व्हावे?

संपर्क टिकला तर फरक पडतो, हे कशावरून? केंब्रिजच्या जोसेफ मरी आणि डेव्हिड फॅरिंग्टन या अभ्यासकांनी दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलग्यांच्या दीर्घकालीन नोंदी तपासून २००५ मध्ये दाखवले, की बालपणी आईबाप तुरुंगात गेल्याने ताटातूट झालेली मुले पुढे गैरवर्तनाकडे वळण्याचा धोका, आजारपण, मृत्यू किंवा अन्य कारणांनी ताटातूट झालेल्यांपेक्षा जास्त होता. म्हणजे नुसते दूर असणे हे एकच दुखणे नाही. त्याला लाज, लपवाछपवी आणि घरची ओढाताण चिकटते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांचा माग काढला. ज्यांना तुरुंगात असताना कुणी भेटायला आले होते, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला. यावर शंका घेता येते आणि घ्यावीही: ज्यांना भेटायला माणसे येतात त्यांचे घर मुळातच धड असते, त्यामुळे श्रेय भेटीचे की घराचे? अभ्यासकांनी इतर फरक जमेस धरून हिशेब केला आहे, तरी संशयाला थोडी जागा उरतेच. पण शंका खरी मानली तरी निष्कर्ष उलटा होत नाही. घर धड राहणे हेच जर माणसाला सावरत असेल, तर ते धड ठेवणाऱ्या भेटींवर खर्च करणे शहाणपणाचेच. शिवाय बाप सुधारतो म्हणून मुलाने भेटायचे, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. त्यात मूल पुन्हा बापाच्या औषधासारखे वापरले जाते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप घरातूनच येतो: लेकराने जेल बघूच नये. "पप्पा मुंबईला कामाला गेले" असे सांगून आजी विषय मिटवते. यामागची माया खोटी नाही. पण लहान गावात ही गोष्ट लपत नाही. गोट्यांच्या डावात भांडण झाले की समोरचा पोरगा एका वाक्यात सगळे उघडे करतो, आणि मग मुलाला दोन गोष्टी एकदम कळतात: बाप कुठे आहे, आणि घरचे आपल्याशी खोटे बोलले. तोवर त्याने स्वतःच्या मनाशी काहीबाही जुळवलेले असते. आपण हट्ट केला म्हणून ते गेले, त्यांना तिथे मारत असतील, सिनेमात दाखवतात तसे साखळदंड घातले असतील. बाप जेवतो, झोपतो, आत काम करतो, त्याला आपले नाव आठवते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या कल्पना हटत नाहीत. भेट नेहमी सुखाचीच होते असा माझा दावा नाही. परदेशी अभ्यासांत हेही दिसले आहे, की काचेआडच्या, गोंगाटातल्या, झडती देऊन झालेल्या भेटीनंतर मुले काही दिवस चिडचिडी होतात, झोपेत दचकतात. आणि आधी समजावून सांगून, मोकळ्या जागी घडवलेल्या भेटीनंतर हे बरेच कमी होते. यावरून भेट बंद करावी असे निघत नाही. भेटीची जागा बदलावी, असे निघते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत आई आणि मुलाची भेट मोकळ्या स्पर्शासह व्हावी असे म्हटले आहे. २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी कुटुंबाशी संपर्क तोडणे ही शिस्तीची शिक्षा म्हणून वापरायला मनाई केली आहे आणि बंद्याला शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवायला सांगितले आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि नागपूरच्या बाबतीत तो हवेतला नाही. ३१ मार्च २०१५ ला या तुरुंगातून पाच कैदी पळाले. त्यानंतरच्या झडत्यांत मोबाइल सापडले. १,८४० बंद्यांसाठी मंजूर असलेल्या या तुरुंगात त्याहून कितीतरी जास्त माणसे कोंबलेली असतात, आणि पहाऱ्याला माणसे तोकडी. अशा ठिकाणी पोरांच्या खिशातून गांजाची पुडी आत जाईल, ही भीती तुरुंगाधिकाऱ्याला वाटली तर त्याला दोष देता येत नाही. पण गळाभेट भरली ती याच तुरुंगाच्या भिंतींआत. झडती भेटीनंतर बंद्याची घ्यायची, मुलाची नाही. मुलाने हातात काही न घेता यायचे, खाऊ आतल्या कॅन्टीनचा. याला पहारा लागतो, पण अशक्य असे त्यात काही नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. ज्याच्या हातून कुणाचा जीव गेला त्याच्या मुलाला बाप भेटावा, आणि मेलेल्याच्या मुलाने काय करावे? या प्रश्नाला चटकन उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मात्र त्यातला न्याय गुन्हेगाराविषयी आहे, आणि शिक्षा त्याचीच आहे. त्याच्या मुलीचा बाप हिरावला तर पीडिताच्या मुलीला काही परत मिळत नाही. फक्त दुखावलेल्या मुलांची संख्या वाढते. पीडिताच्या कुटुंबाला भरपाई, मानसिक आधार आणि सुटकेची पूर्वसूचना मिळायलाच हवी. ती मागणी या मागणीशी भांडत नाही. आणि जिथे मूलच पीडित आहे, बापाने आईला मारले आहे किंवा मुलावरच अत्याचार केला आहे, तिथे भेट मुलाच्या खात्यावर मांडण्याचा खरा उपयोग दिसतो. हक्क मुलाचा असेल तर नकारही मुलाचा. आज बापाकडून "पोराला घेऊन या" असा निरोप आला की घरचे मुलाला ओढत नेतात. त्याला कुणी विचारत नाही.

फोन आणि व्हिडिओने प्रश्न सुटला, असे करोनानंतर अनेकांना वाटते. २०२० मध्ये प्रत्यक्ष मुलाखती थांबल्या तेव्हा व्हिडिओ कॉल आले, ई-मुलाकातीची सोय रुजली, पुढे येरवड्यासारख्या ठिकाणी नाण्याच्या फोनची जागा स्मार्ट कार्डने घेतली. कोंढाळीच्या पुढच्या एखाद्या वस्तीवरून दर आठवड्याला नागपूर गाठणे ज्यांना जमत नाही, त्यांना याचा मोठा आधार आहे. पण घरात स्मार्टफोन एक, तो काकाच्या खिशात, नंबर पडताळणी होऊन नोंदवलेला, आणि कॉलची वेळ शाळेची. अमेरिकेतल्या काही जिल्हा तुरुंगांनी व्हिडिओ आल्यावर प्रत्यक्ष भेटीच बंद करून टाकल्या आणि मिनिटामागे पैसे लावले. ती वाट आपण धरू नये. आपल्याकडे याच तंत्राने एक जागा नकळत बंद केली आहे. पूर्वी न्यायाधीन बंद्याला तारखेला काटोलच्या न्यायालयात आणत. व्हरांड्यात, पोलिसांच्या डोळ्यादेखत, बायकापोरे त्याला भेटत; शिपाई दोन मिनिटे दुसरीकडे बघे. नियमात नसलेली, पण गावातली आणि फुकटची भेट. आता पहिल्या हजेरीनंतर बऱ्याच तारखा पडद्यावरच उरकतात. पोलिसांचे मनुष्यबळ वाचते हे खरे. मुलाने काय गमावले, याची बेरीज या बचतीत धरलेली नाही.

काच नसलेली भेट महाराष्ट्राला नवी नाही. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साथीने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे शेती करत आणि बायकामुलांसह राहत. गदिमांनी लिहिलेला आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये पडद्यावर आणलेला "दो आँखें बारह हाथ" या प्रयोगावरूनच सुचला. ती वसाहत आजही कारागृह विभागाकडे आहे, मात्र सामावते मोजक्याच कुटुंबांना. काटोलच्या अंगाने पाहिले तर वरूडच्या पलीकडे मोर्शीला खुले कारागृह आहे. तिथल्या बंद्यावर भिंतीपेक्षा विश्वासाचा पहारा जास्त. मुलांच्या भेटीचे नियमित अंगण सुरू करायला याहून सोपी जागा विदर्भात नाही. रजांचेही तेच. संचित रजा आणि अभिवचन रजा यांमुळे शिक्षाबंदी घरी येऊन राहू शकतो, आणि मुलासाठी याहून चांगली भेट नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मुलगा शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियाला निघाला म्हणून एका बंद्याला अभिवचन रजा दिली. दुःखात सामील व्हायला रजा मिळते, तर आनंदात का नको, असे खंडपीठाने विचारले. पण बहुतेक अर्जांची चौकशी स्थानिक पोलीस ठाण्यात फिरते आणि तिचा भर असतो जामीनदारावर, गावातल्या शांततेवर, पळून जाण्याच्या शक्यतेवर. मुले किती, कोणाकडे राहतात, त्यांना बाप यायला हवा आहे का, हेही त्याच चौकशीत विचारता येईल.

नॉर्वेत प्रत्येक तुरुंगात मुलांच्या भेटीची जबाबदारी असलेला एक कर्मचारी नेमलेला असतो. आपल्याकडे पगारी नवे पद निर्माण होईल तेव्हा होवो. तोवर कामाला लागण्याजोगी माणसे आहेतच. तुरुंगात दाखल होताना बंद्याची नोंद करतेवेळी मुलांची संख्या, वय आणि ती कोणाकडे आहेत हे लिहून घ्यायला एक रकाना पुरतो. त्यातली काटोल तालुक्यातली नावे महिन्याला तालुका विधी सेवा समितीकडे आली, तर तिचे स्वयंसेवक आणि गावच्या अंगणवाडी सेविका त्या घरापर्यंत जाऊ शकतात. संकटातल्या कुटुंबांसाठी असलेल्या बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये त्या मुलाला मिळू शकतात का, हेही त्याच फेरीत पाहता येते. उरतो प्रवास. पंधरवड्यातून एका रविवारी काटोल आगारातून एक गाडी, सोबत दोन माणसे, आणि तुरुंगात मुलांसाठी दोन तास राखून ठेवलेले अंगण. रविवार यासाठी, की शाळा बुडू नये. खर्च डिझेलचा आणि दोघांच्या भत्त्याचा; तो महिला व बालविकास विभागाने उचलावा, कारागृह विभागाने नव्हे, म्हणजे भेट कुणाच्या खात्यावर पडते हे कागदावरही स्पष्ट राहील.